उजवी छाती

मेडशीच्या अश्वजितला जन्मापासूनच उजव्या छातीचा स्नायू नव्हता. ती बाजू खोलगट दिसायची. हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि ती गेल्यावर कोणालाच नाही. चारचौघांत त्याने कधी शर्ट काढला नाही. लग्नाची दोन स्थळं त्याने कारण न सांगता नाकारली.

तिसाव्या वर्षी तो एकटाच नागपूरला प्लास्टिक सर्जनकडे गेला. डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. पोटाची चरबी छातीत भरता येते, पण त्यातली थोडी विरघळते. पाठीचा स्नायू पुढे आणता येतो. नाहीतर मापाचं सिलिकॉन बसवता येतं.

"पाठीचं नको, मॅडम. वावरात पोते उचला लागते मले."

"मग सिलिकॉन बसवू. सोबत कोण राहील?"

त्याला नाव सुचेना. शेवटी त्याने शेजारच्या जगदेवला हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून बोलावलं. जगदेव दोन दिवस खाटेशी बसला, जेवण आणलं, आणि खोलात न शिरता परत गेला.

उन्हाळ्यात अश्वजित वावरातल्या मोटरीच्या धारेखाली उघड्या अंगाने आंघोळ करत होता. दोन्ही बाजू आता जवळजवळ सारख्या दिसत होत्या. बांधावरून जगदेव आला.

"काय करून राह्यला बे?"

"आंघोळ."

"तुरीले भाव नाही यंदा," म्हणून तो पुढे निघाला.

छातीबद्दल कोणीतरी विचारावं असं अश्वजितला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. तो बराच वेळ पाण्याखाली उभा राहिला.