बटाट्यांखालची ओळ

"लसूण आहे हे मलाही कळतं. लसणाशिवाय काय आहे ते सांग," हे म्हणाले आणि पेन्सिल सरसावून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

माझ्या तोंडात उकळत्या तेलातून आत्ताच बाहेर काढलेली कोळंबी होती. जीभ चांगलीच पोळली होती. घास कसाबसा गिळून मी म्हटलं, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"बोल की. पण आधी हे."

"सुकी लाल मिरची आहे. अख्खी टाकून नंतर काढून घेतलीय. तेल ऑलिव्हचं, हात आखडता न घेता घातलेलं. आणि लसूण जळायच्या जरासं आधी भांडं खाली उतरवलंय."

"वा! जळायच्या जरासं आधी..." पुटपुटत ह्यांनी लिहून घेतलं, घड्याळ बघितलं आणि "चल, झालं इथलं" म्हणत दाराकडे निघालेसुद्धा. मातीच्या वाटीत तीन कोळंब्या तशाच राहिल्या. मला जे सांगायचं होतं तेही राहिलं.

दुपारचा एक वाजला होता. सहाच्या आत मला एका बाईंना फोन करून हो की नाही ते कळवायचं होतं.

आमचे हे वर्तमानपत्रात रविवारचं खाण्याचं पान लिहितात. शहरात काय कुठे चांगलं मिळतं, पत्ता काय, गर्दी कधी असते, असं सगळं. एकोणीस वर्षं झाली. या खेपेला संपादकांनी स्पॅनिश खाणं दिलं होतं, म्हणजे तापास. छोट्या छोट्या बशांमधून चाखतमाखत खायचं. तिकडचे लोक म्हणे एका ठिकाणी दोन घास खातात, चार गप्पा मारतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. हे ऐकलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला. कारण ह्यांना कचेरीत 'भिंगरी' म्हणतात. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! ह्यांचं बूड एका जागी टेकेल तर शपथ. घरी जेवताना तीनदा उठतात, एकदा मीठ आणायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा कशालाच नाही. मुलाच्या लग्नाच्या फोटोंत सगळे स्पष्ट आले आहेत, फक्त नवरदेवाचे वडील हलले आहेत.

आणि आता खरं काय ते सांगूनच टाकते. ह्यांना चवीतलं ओ की ठो कळत नाही. खारट, गोड, तिखट, बस, पुढे गाडी सरकत नाही. अगदी पहिल्या वेळी, एकटा माणूस काही लिहीत बसला तर हॉटेलवाल्याला संशय येईल म्हणून मला सोबत नेलं होतं. मी सहज म्हटलं, "यात जायफळ आहे हो." ते ह्यांनी लिहिलं, छापलं आणि वाचकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून जीभ माझी आणि पान ह्यांचं. 'आपल्या जिभेला सलाम' अशी पत्रं येतात. हे ती मला मोठ्याने वाचून दाखवतात आणि त्या वाक्यापाशी आले की खोकतात.

माझी तक्रार नव्हती, खरंच नव्हती. मी रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर आहे. आठवडाभर स्पिरिटचा वास नाकात बसलेला असतो. शनिवारी चांगलंचुंगलं तोंडात पडायचं आणि हे लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, ते मला आवडायचं.

पण काल दुपारी वॉर्डात फोन आला. डोंगरापलीकडच्या गावातल्या नर्सिंगच्या शाळेतून, गाडीने सात तास. तिथल्या प्राचार्यबाईंनी माझं काम कधीतरी बघितलं होतं. "मुलींना शिकवायला या. आम्हाला पुस्तकी बाई नकोय, हातात काम असलेली हवीय. राहायला खोली देऊ. उद्या सहाच्या आत कळवा, आधीच चार दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि औषधांचा ट्रे हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. मला कुणी शिकवायला बोलावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बावन्न वर्षांची झाले, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात, आणि छातीत मात्र शाळकरी पोरीसारखं धडधडत होतं. जायचं होतं मला. पण ह्यांनी एकदा, एकदाच, तोंडाने काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. जा म्हणावं, नाहीतर नको जाऊस म्हणावं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढंही मागू नये का बाईने?

दुसरी जागा एका जिन्याखाली होती. आत जेमतेम आठ माणसं उभी राहू शकत होती आणि बारा उभी होती. काउंटरमागच्या मिशीवाल्याने भाजलेल्या पावाचे तुकडे पुढे सरकवले.

"शाळेतून फोन आला होता," मी म्हटलं.

"कुठल्या शाळेतून? आपला शाळेशी आता काय संबंध?"

"नर्सिंगच्या."

"अच्छा अच्छा. हे बघ, हा टोमॅटो पावाला लावलाय की चोळलाय?"

"चोळलाय."

"नक्की?"

"अहो, बिया बघा की पावात अडकलेल्या! आधी लसूण चोळलाय, मग टोमॅटो, मग वरून मीठ. आता माझं ऐकता का?"

"रस्त्यात बोलू," हे म्हणाले.

रस्त्यात हे चार पावलं पुढे आणि मी मागे. पाठीशी काय बोलणार? रस्ता ओलांडताना मी ह्यांची बाही धरली तर म्हणतात, "जपून, गाड्या आहेत." तिसऱ्या जागेत गर्दीची नुसती धक्काबुक्की होती. तिथे मी मटणाच्या एका गोळ्यात दालचिनी आहे एवढं सांगू शकले आणि ह्यांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. माझ्या पायांत गोळे आले होते, आणि डोक्यात त्याहून मोठे.

चौथ्या जागेत मात्र मी ठरवलंच. चिनीमातीची बशी आली. तळलेले बटाटे, वर लालभडक रस्सा. हे पेन्सिल घेऊन तयार. मी एक फोड तोंडात टाकली, गिळली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

"धुरकट आहे. मिरची धुरावर वाळवून दळलेली असणार. तिखट आधी लागत नाही, गिळल्यावर लागतं. मला नर्सिंगच्या शाळेत शिकवायला बोलावलंय. एक तारखेपासून रुजू व्हायचंय."

ह्यांची पेन्सिल भराभर चालली होती. मग थांबली. मी वहीत डोकावले. 'धुरकट. मिरची धुरावर वाळवलेली. तिखट गिळल्यावर. शाळेत शिकवायला बोलावलं. एक तारखेपासून रुजू.'

मला आधी हसूच आलं. मग असा संताप आला की बोलायची सोय नाही.

"अहो, बटाट्यांखाली माझी नोकरी लिहिलीत?"

ह्यांनी वहीकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला.

"हात चालू होता," हे म्हणाले.

"म्हणजे कानांनी ऐकलं की नाही?"

"ऐकलं."

"मग काहीतरी म्हणा! मिठाची गुळणी धरून काय उभे राहिलात?"

शेजारचा एक माणूस काटा हवेतच धरून आमच्याकडे बघायला लागला. बघू दे मेल्याला. ह्यांनी त्या ओळीवर एक रेघ मारली, मग रेघ खोडायला गेले, मग वहीच मिटली. "पाचवी जागा साडेचारला उघडते," एवढं म्हणाले आणि चालायला लागले. मी तिथूनच घरी निघून जायला हवं होतं. गेले नाही. सवय वाईट असते. पाय आपोआप ह्यांच्या मागे पडतात.

पाचवी जागा एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एकच खोली, चार टेबलं, भिंतीला नुकताच दिलेला चुना आणि कुणीही नाही. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. हे काउंटरला टेकून उभे राहिले तर म्हणाल्या, "बसा तिकडे."

"आम्ही उभ्यानेच..."

"उभ्याने मी देत नाही. पोटाला लागत नाही ते. बसा."

आणि आश्चर्य म्हणजे हे बसले! खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसले. मालकीणबाईंनी अंडी आणि बटाट्याचं जाडजूड, गोल, कोमट आमलेट आणून ठेवलं, दोन काटे ठेवले आणि त्या आत गेल्या. टेबलाखाली ह्यांचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता. मी काट्याला हात लावला नाही.

"खा ना," हे म्हणाले.

"नाही."

"काय आहे यात?"

"तुम्ही सांगा."

ह्यांनी काटा उचलून परत खाली ठेवला. मग टेबलावरच्या एका डागाकडे बघत म्हणाले, "मंगळवारी तो फोन मीच उचलला होता."

"कुठला फोन?"

"शाळेचा. घरी आला होता. तू ड्युटीवर होतीस. त्या बाई म्हणाल्या, निरोप द्या. मी म्हटलं, देतो."

चार दिवस गेलेत असं प्राचार्यबाई का म्हणाल्या होत्या, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. मला वाटलं होतं की त्यांच्याच कचेरीत उशीर झाला असेल.

"दिला नाहीत."

"नाही दिला."

"का?"

"दिला असता तर तू मला विचारलं असतंस. मग मला काहीतरी म्हणावं लागलं असतं." हे घोटभर पाणी प्यायले. "नको म्हटलं असतं तर तू राहिली असतीस ना?"

"राहिले असते," मी म्हटलं. ते खरं होतं आणि त्याचाच मला राग आला.

"तेच तर. मला नकोही म्हणायचं नव्हतं आणि तू जायलाही नको होतीस. म्हटलं, फोन परत आला नाही तर आपोआप मिटेल. आज सकाळपासून नुसता पळतोय मी. कुठे बसलो असतो तर तू बोलली असतीस."

आरडाओरडा करावा, बशी उचलून भिंतीवर मारावी, असं मनात आलं. चार दिवस हा माणूस माझ्यासमोर जेवला, झोपला, आणि माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट खिशात घालून हिंडला! पण ह्यांच्याकडे बघितलं तर वही दोन्ही हातांनी टेबलावर दाबून बसले होते. तीस वर्षं मी घाबरलेली माणसं बघत आले आहे. हे घाबरले होते.

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"आणि तिथे काय करू? दोन खानावळी असतील त्या गावात. दोन रविवारांत पान संपेल." हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "पानाशिवाय मला काही येत नाही गं. पानातलंही मला येत नाही, ते तुला येतं. पण पळायला तरी मिळतं."

"मग माझ्याशिवाय पान कसं लिहाल?"

"माहीत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पाच चाळीस झाले होते. आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. मी काही विचारलं नाही. आता विचारणार नव्हतेच. सकाळपासून विचारून विचारून माझं तोंड दुखलं होतं.

"जा तू," हे म्हणाले.

"काय म्हणालात?"

"जा. मी ते मंगळवारीच म्हणायला हवं होतं." मग म्हणाले, "त्या बाई म्हणत होत्या, तुझ्यासारखा हात त्यांनी दुसरा बघितला नाही. हेही सांगायचं राहिलं माझं."

मला रडू फुटलं. रुमाल सापडेना, म्हणून टेबलावरच्या कागदी रुमालाने डोळे पुसले आणि फोन घेऊन बाहेर अंगणात गेले. आत आवाज नीट येत नव्हता.

प्राचार्यबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. "घरच्यांशी बोललात ना?" त्यांनी विचारलं. मी काचेतून आत बघितलं. हे खाली मान घालून खात होते, काट्यामागून काटा, मध्ये न थांबता. वही टेबलाच्या पार टोकाला सरकली होती.

"बोलले," मी म्हटलं. "येतेय मी. एक तारखेला."

आत आले तर बशी रिकामी होती.

"तुझा वाटाही खाल्ला मी," हे ओशाळून म्हणाले. "लक्षातच आलं नाही."

"कसं होतं?"

ह्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवत होते, कपाळाला आठ्या पडल्या. "कळलं नाही," म्हणाले. "काय म्हणाल्या त्या?"

"एकतीसला निघावं लागेल."

"बरं." हे उठले. "तू सकाळपासून नुसते घास घेतलेत. थांब, दुसरं सांगतो."

काउंटरशी जाऊन ह्यांनी सांगितलं. मालकीणबाईंनी मान हलवली, रिकामी बशी घेतली आणि त्या आत गेल्या. हे परत आले नाहीत. दोन्ही हात काउंटरवर टेकवून, समोर कुणीही नसताना, माझ्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. आतून अंडी फेटल्याचा आवाज आला, मग तव्यावर काहीतरी चरचरलं, तरी हे हलले नाहीत. हाक माझ्या ओठांवर आली होती, पण मी मारली नाही. खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि बसून राहिले.