मधलं तेवढं

"आत्या, ही त्याची माय न्हाई!" सीमा ओरडली, तोवर मेंढीने कोकराला ढुशी मारून लोळवलं होतं.

"मेंढीचंच डोकं फिरलंय," नर्मदाबाई सुनेवर खेकसल्या. लग्न होऊन साखऱ्याला आल्यापासून हे काम त्यांचं. संध्याकाळी मेंढरं रानातून परतली, की जाळीआड कोंडलेली कोकरं दूध पिण्यासाठी ज्याच्या त्याच्या आईला लावायची. त्यात त्या चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. या आठवड्यात मात्र रोज चुकत होत्या, आणि दोष कधी अंधाराचा, कधी मेंढीचा, कधी सुनेचा. स्वतःचा सोडून सगळ्यांचा.

तेवढ्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला. तो डोळा मिटून त्यांनी सीमाकडे पाहिलं. पदर होता, कान होते, मधे चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात त्या एका जागी बसेनात. उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच हाताला धरून बसवलं.

"आजी, उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबलीय. पाणी झिरपून पडद्याचा मधला भाग सुजलाय. बीपीची गोळी घेता ना?"

"सोडली. काही तकलीफच न्हाई तं गोळी काहून खायाची?"

सीमाने कपाळावर हात मारला.

"मंग ती शीर मोकळी करून द्या, बाई," नर्मदाबाई म्हणाल्या.

"ते नाही होत. पण डोळ्यात इंजेक्शन देऊन सूज उतरवता येते. एकदा देऊन भागत नाही, दर महिन्याला यावं लागेल. आणि गोळी रोज. टाळलंत तर मधलं जे गेलंय ते कायमचं जाईल."

डोळ्यात सुई! आजवर गुडघ्याखाली दाबून किती मेंढरांना सुया टोचल्या असतील, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा नर्मदाबाईंनी खाटेची कड घट्ट धरली. थेंब घालून डोळा बधिर केल्यामुळे फारसं दुखलं नाही. तरी सुई येताना दिसली होती, ती डोक्यातून जाईना.

महिना भरला, तशी त्यांची पुन्हा घालमेल सुरू झाली. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, भरलेली घागर ओतून पुन्हा भरली. संध्याकाळी जाहीर करून टाकलं, "मला समदं दिसून राहिलं. उद्या जायचं काम न्हाई."

जाळीकडे मात्र त्या सकाळपासून फिरकल्या नव्हत्या. सीमा समोर येऊन उभी राहिली.

"डावा डोळा झाका, आत्या. काय दिसतं?"

"तूच की! नाकातली चमकी चमकून राहिली."

ते खरं होतं. धुरात आता चमकी लुकलुकत होती.

"मंग सांगा, मी हसून राहिले का रडून?"

नर्मदाबाईंनी मान तिरकी केली. पुढे झाल्या, मागे झाल्या. शेवटी मोकळा हात सुनेच्या गालावर ठेवला. बोटं ओली झाली.

जाळीआड कोकरं ओरडत होती.

"जाय, तूच लाव त्याईले," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं जाऊ."

डाव्या डोळ्यावरचा हात त्यांनी काढला नाही. सीमा मेंढरांकडे जाताना जेवढी दिसली, तेवढी पाहत राहिल्या.