काज-बटणवाल्या ताईंची अट

गणवेश शिवण्याच्या त्या छोट्या कारखान्याचा मालक आता स्वतःच सांगतो, की त्याच्याइतका गाढव माणूस शिलाईच्या धंद्यात दुसरा झाला नसेल.

चौदा माणसं, अकरा मशिनं आणि नियम एकही नाही. "नियम मोठ्या कंपन्यांना लागतात, आपण घरचीच माणसं," असं तो छाती फुगवून म्हणायचा. घरचं म्हणजे काय, तर देखरेखीला बायकोचा भाऊ, आणि तोंडाला कुणाच्याच लगाम नाही. पगार देणाऱ्याच्या विनोदाला माणसं हसतातच. मालकाला मात्र वाटायचं, आपण भारीच विनोदी आहोत.

एका दुपारी काज-बटणाच्या मशीनवरच्या ताई दोऱ्याची रिळं आणायला उठल्या. "बाजूला व्हा रे, म्हैस निघाली," मेहुणा म्हणाला. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मालक. ताईंनी दोरा तोडला, मशीन पुसून झाकलं आणि डबा उचलून चालू लागल्या.

शाळा उघडायला दहा दिवस आणि चारशे शर्ट बिनकाजांचे. ते मशीन दुसऱ्या कुणाला धड चालवता येईना. मालक स्वतः बसला आणि पहिलंच काज त्याने खिशाच्या मधोमध पाडलं.

तिसऱ्या दिवशी तो ताईंच्या दारात उभा राहिला.

"ताई, चुकलंच. पण आपण एका घरची माणसं..."

"माझ्या घरात मला कुणी म्हैस म्हणत नाही."

"मग तेव्हाच सांगायचंत ना."

"कुणाला? हसत होता त्याला?"

ताईंची अट एकच होती: काय चालेल, काय चालणार नाही आणि तक्रार कुणाकडे करायची, हे कागदावर हवं. नियम सगळ्यांना सारखे, मालकालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलाभोवती सगळे जमले. मालक ऐटीत पेन उघडून बसला.

"टोपणनावं बंद," कटिंग मास्तर म्हणाले. त्यांना वीस वर्षं टकलूशेठ म्हणणारा मालकच. "अंगावर कापड फेकायचं नाही." तेही तोच. "जेवणावरून उठवायचं नाही." पुन्हा तोच. "कुणावर ओरडायचं नाही." तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं. नऊ नियमांपैकी सहा त्याच्या प्रतापांचे निघाले. मेहुण्याच्या वाट्याला जेमतेम तीन.

तक्रारी मास्तर आणि शिलाईवरच्या थोरल्या बाई ऐकतील, असं ठरलं. मग ताईंना बोलावणं गेलं. कागद नीट वाचून झाल्यावर त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने कडू औषध गिळल्यासारखं तोंड करून माफी मागितली. मालकाने घरी चार वाक्यं पाठ केली होती. आयत्या वेळी एकही आठवेना.

"मी हसलो, ते जास्त वाईट होतं," एवढंच तो बोलला.

ताईंनी मान हलवली आणि मशीन चालू केलं. शर्ट वेळेवर गेले.

महिन्याभराने पहिली लेखी तक्रार आली, मालकाविरुद्धच: चौघांदेखत ओरडला. मास्तरांनी त्याला बोलावून कागद दाखवला. अक्षर मेहुण्याचं होतं.

मालकाने तो दोनदा वाचला. "खरी आहे तक्रार," तो म्हणाला, आणि माफी मागायला मेहुण्याला शोधत निघाला.