खोडरबराचा चुरा

जेवायच्या टेबलावर नातीने पुन्हा पसारा मांडला होता. विद्यापीठातून पेपरांचे गठ्ठे आले की बाईसाहेबांना घरातली माणसं दिसेनाशी होत. हाक मारली तर नुसतं 'हं', तेही भिंतीकडे बघून. आजीचं डोकं रोजच फिरायचं. पण आज टेबल पुसताना तिच्या फडक्याला रबराचा चुरा लागला. थोडाथोडका नाही, मूठभर.

"पेपर तपासतेस की चित्रं खोडतेस गं?"

नात विद्यापीठात तिच्या मार्गदर्शक सरांची सहायक होती. मुलांचे निबंध तीच वाचायची, पेन्सिलीने गुण द्यायची, आणि सर खाली सही ठोकायचे.

"सर म्हणाले, वर्गाला फार गुण पडलेत. सगळ्यांचे कमी कर."

"त्यांनी वाचलेत?"

"त्यांना कुठला वेळ, आजी."

"आणि तू?"

"शब्द न् शब्द."

आजीने वरचाच पेपर तिच्यापुढे सरकवला. चौदाच्या खाली पुसट अठरा अजून दिसत होता. "काय चुकलं ह्याचं? मला अडाणी बाईला समजेल असं सांग."

नातीने पानं उलटली. परत पहिल्यापासून उलटली.

"काही नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "माझा प्रबंध सरांच्या हातात आहे, आजी. त्यांनी अडवला तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात."

आजी खुर्चीत टेकली. हे मात्र तिच्या वर्मी लागलं. घरातली पहिली डॉक्टर होणार, असं सांगून सांगून तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कान किटवले होते. एवढंच काय, दारावर लावायची पितळी पाटीसुद्धा तिने गुपचूप करून आणली होती, पदवीसकट. कपाटात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती.

ती उठली, पाटी आणली आणि गठ्ठ्यावर ठेवली. नातीने स्वतःचं नाव वाचलं.

"हौसेनं कोरून घेतलंय मी हे," आजी म्हणाली. "पण कुणा पोराचं खरं खोडून ही दारावर लागणार असेल, तर त्या दारातून मला जाता येणार नाही. पेन घे आणि अठरा लिही. सगळ्यांचे होते तसे लिही. सरांना काय करायचं ते करू देत. पाटी कपाटात थांबेल, मीही थांबेन. आणि हा चुरा तूच पूस. मी हात लावणार नाही."