दुसरा कागद

ग्रंथालयाच्या तळघरात बसून जुने कागद दुरुस्त करणारीला वरच्या मजल्यावरची मंडळी 'इस्त्रीवाली' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिला त्याचा राग नव्हता. चुरगळलेला, घड्या पडून पडून चिरायला आलेला कागद घ्यायचा, त्याला किंचित ओल द्यायची, पुठ्ठ्यांमध्ये घालून वजनाखाली ठेवायचा आणि काही दिवसांनी तो गुळगुळीत होऊन निघालेला बघायचा, यात काय सुख आहे ते वरच्यांना काय कळणार! ते बिचारे दिवसभर फायलीच सरकवत.

यंदा तिच्या टेबलावर जुळारींचे कागद आले होते. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जोडून मजकूर उभा करायचा, हा त्या माणसाचा धंदा. लोक त्याला जुळारी म्हणत, आणि पुढे तेच त्याचं नाव झालं. नदीपलीकडच्या वस्तीतल्या माणसांना त्या काळी सरकारी दवाखान्यात मागच्या दाराने जावं लागे. एका सकाळी हा माणूस आजारी बायकोचा हात धरून सरळ पुढच्या दारातून आत शिरला. त्या एका दारापायी मोर्चे निघाले, गोळीबार झाला, शेवटी कायदासुद्धा बदलला. ते बघायला मात्र जुळारी उरले नव्हते. ते तुरुंगातच वारले.

भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून, स्वतःच्या गाडीच्या डिकीतून हे कागद आणले ते त्यांच्या मुलीने. ताई सत्तरीला टेकलेल्या. आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलेलं, त्यामुळे समोरचा माणूस आता चुकणार, हे धरूनच त्या जगाकडे बघत. रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन त्या तळघरात हजर होत आणि इस्त्रीवालीच्या हातांवर नजर ठेवून बसत. साहेब, म्हणजे ग्रंथालयाचे प्रमुख, देणगीचा कागद सहीसाठी पुढे करून करून थकले होते.

"भाषणं घ्या, पत्रकं घ्या," ताई म्हणायच्या. "त्यांच्यावर लोकांचा हक्क आहे. तुरुंगातली पत्रं मला आली होती. ती मी दुरुस्तीला दिलीत, देऊन टाकलेली नाहीत."

एकदा इस्त्रीवालीने धीर करून विचारलं, "ताई, एवढं काय बघायचंय तुम्हाला त्यांत?"

"त्यात माझ्यासाठी काही होतं का, एवढंच." ताईंनी थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं. "सगळ्यांसाठी होतं हो त्यांच्याजवळ. सगळ्यांसाठी मेले. मी दुसरीत होते."

त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. तुरुंगातून महिन्याला एक पत्र आणि त्याला दोन कागद, एवढीच परवानगी होती. पत्र तपासणारा अंमलदार शंका आली की ओळच्या ओळ ब्लेडने कापून काढी. तुरुंगाचं वर्णन नको, कुणाचं नाव नको, प्रश्न तर नकोच. उत्तरातून बाहेरचा निरोप आत आला तर? त्यामुळे पहिल्या कागदाला नुसत्या खिडक्या पडलेल्या. उरलेलं काय, तर अभ्यास कर, चित्र काढ, आईला त्रास देऊ नकोस. आणि दुसरा कागद जवळजवळ कोरा. अगदी तळाशी 'तुझा बाबा', बस्स.

"सभेत तासन्‌तास बोलणारा माणूस," ताई म्हणायच्या, "मुलीला लिहिताना शब्दाला महाग!"

इस्त्रीवालीने पत्रं हातात घेतली, आणि निम्मी होत आली तेव्हा ती गोष्ट घडली.

टेबलावरच्या दिव्याची मान कधीची सैल झाली होती. वरची ट्यूब मिणमिणत होती म्हणून तिने बंद केलेली. एक कोरा कागद ओल देण्यासाठी तिने पुढ्यात ओढला आणि तेवढ्यात दिव्याने मान टाकली. उजेड टेबलावर आडवा पसरला. ती दिवा सरळ करायला गेली आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

कोऱ्या कागदावर अक्षरं होती. शाई नाही, शिसं नाही. कागदालाच पडलेले बारीक खळगे, आणि आडव्या उजेडात प्रत्येक खळग्यात भरलेली सावली. तिने श्वास रोखून वाचलं: 'पडला का गं दात? कोणता? वरचा की खालचा?'

तिने पहिला कागद उचलून त्या दुसऱ्यावर ठेवला. ब्लेडने कापलेल्या खिडकीत ती ओळ बरोबर बसली. पहिला कागद दुसऱ्यावर ठेवूनच लिहिलेला होता, आणि जी ओळ कापली जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, तेवढ्याच ओळीला त्याने पेन्सिल जीव खाऊन दाबली होती. बाकीच्या ओळींचा मागमूससुद्धा उमटलेला नव्हता. जन्मभर कागदावर खिळे दाबणाऱ्या माणसाला शाईवाचून छापता येत होतं! अंमलदाराने ओळी कापल्या, कापून स्वतःवर खूश झाला असेल, आणि खरं पत्र त्याच्या नाकाखालून कोरा कागद म्हणून बाहेर पडत राहिलं. हे सुचायला केवढं डोकं लागलं असेल, आणि महिन्यामागून महिने करत राहायला केवढी माया! इस्त्रीवाली आपोआप खुर्चीतून उठून उभी राहिली. बसून वाचायचे हे कागद नव्हतेच.

आणि मग तिला आधीची पत्रं आठवली. वजनाखालून निघालेली पत्रं पलीकडे रचून ठेवली होती, तिच्या हातची, गुळगुळीत. तिने एकेक दुसरा कागद उजेडात धरला. वरून, खालून, डावीकडून. कागद नितळ होता. तिने ओल देऊन, वजन ठेवून, मोठ्या अभिमानाने एका बापाचं बोलणं पुसून टाकलं होतं.

साहेब खाली आले, आडव्या उजेडात ती एक ओळ त्यांनी वाचली. मग ते हळूच म्हणाले, "सपाट झालेल्या पत्रांचं ताईंना नंतर सांगू... आधी सही होऊ दे का?"

"नाही हो साहेब," इस्त्रीवाली म्हणाली. साहेबांनीही मान खाली घातली.

ताई आल्या. इस्त्रीवालीने आधी आपली चूक सांगितली, मग दिवा आडवा केला. उलट क्रमाने सांगितलं असतं तर ते लाच दिल्यासारखं झालं असतं, असं तिला वाटलं. ताईंनी दाताची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पहिल्या कागदावर, दोन खिडक्यांच्या मध्ये शाबूत राहिलेल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे वाच."

'दुसऱ्या कागदावर माझ्यासाठी चित्र काढ. पेन्सिल आडवी धर आणि अख्खं पान भर.'

"प्रत्येक पत्रात आहे हे," ताई म्हणाल्या. "अंमलदाराला वाटलं असेल, पोरीचं मन रमवतोय. मी पेन्सिल घेऊन बसलेसुद्धा होते गं. आई धावत आली. म्हणाली, बाबांच्या कागदावर रेघोट्या मारायच्या नाहीत, ठेवून दे जपून. मग मीच कुणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या पोरीने एकदा नुसता उचलला, तर तिला बदडली होती मी."

इस्त्रीवालीने सपाट झालेल्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "ताई, माझ्या हातून निम्मी..."

"तू निम्मी घालवलीस. मी सगळीच घालवून बसले होते." ताईंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "आता रडत बसू नकोस. पुढची काढ."

त्या दुपारी त्या तिघांनी जे वाचलं, ते आजवर कुठल्याही सभेत कुणी ऐकलेलं नव्हतं. गजांतून अर्धंच दिसणारं एक झाड होतं. बाबांच्या शेजारच्या कोठडीतला म्हातारा झोपेत गायचा, ते गाणं होतं. 'पाण्याला भितेस का अजून? मीही भितो, कुणाला सांगू नकोस.' हे वाचून ताई मोठ्याने हसल्या. सगळ्या शहराच्या पोलिसांना न भिणारा माणूस पाण्याला भीत होता, आणि ते त्याने एकटीला सांगितलं होतं. दाताचा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येत होता. उत्तर येत नव्हतं, तरी येत होता.

शेवटच्या पत्राशी गाडी अडली. त्याच्या पहिल्या कागदाला एकही खिडकी नव्हती. दुसऱ्यावर काहीतरी होतं, पण इतकं पुसट, की दिवा कसाही धरला तरी ओळ लागेना. हात थकला होता जुळारींचा. पेन्सिलच्या मागच्या, शिसं नसलेल्या टोकाने थेट या कागदावरच लिहिलेलं दिसत होतं.

"राजधानीच्या प्रयोगशाळेत यंत्र आहे," साहेब म्हणाले. "आपण पाठवू. दोनतीन महिन्यांत..."

"यंत्र कशाला?" ताई म्हणाल्या. "त्यांनी पेन्सिल सांगितलीय."

तळघराच्या दारावर पाटीच होती, मूळ कागदावर कसलीही खूण करू नये. ती पाटी इस्त्रीवालीने स्वतः लिहिली होती, आणि तिच्यासाठी ती भल्याभल्या प्राध्यापकांशी भांडली होती. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब भिंतीकडे बघत होते. कागद अजून ताईंचाच होता. इस्त्रीवालीने खण उघडला, त्यातली सगळ्यांत मऊ पेन्सिल निवडली, टोक घासून पसरट केलं आणि ताईंच्या हातात दिली. कागद हलू नये म्हणून त्याचे वरचे दोन कोपरे तिने बोटांनी धरले.

ताईंनी पेन्सिल आडवी धरली. करडा रंग हलके हलके पसरू लागला आणि त्यातून पांढरी अक्षरं एकेक करून वर आली.

'आई लिहिते, तू माझे कोरे कागद कुणाला शिवू देत नाहीस. मग राहू दे. मोठी झालीस की सापडेल. मला घाई नाही.'

मजकूर तिथेच संपला होता. खाली कागद खरोखरच कोरा होता. पण ताईंनी पेन्सिल थांबवली नाही. अख्खं पान भरायचं होतं. जीभ दातांत धरून त्या कडेपर्यंत रंगवत राहिल्या, आणि मध्येच, वर न बघता, म्हणाल्या, "वरचा, बाबा. पुढचा."