एका वाक्याची दुरुस्ती

बाथरूमच्या चौकटीत कडी जिथे अडकते, तिथे दोन स्क्रूंनी बसवलेली एक पितळी पट्टी आहे. तिचा वरचा स्क्रू तीन मिलिमीटर बाहेर आला होता. पट्टीमागचं लाकूड उभं चिरलं होतं. चीर साडेपाच सेंटिमीटर लांब, वर रुंद, खाली केसाएवढी. सुजातानं ती स्टीलच्या स्केलनं मोजली, स्केल दिसेल असा फोटो काढला आणि मग स्क्रू पुन्हा पिळून बसवायचा प्रयत्न केला. तो धरेना. आत लाकडाचा भुगा झाला होता.

दाराला बाहेरून किती जोर लागला असेल, याचा हिशेब तिनं केला नाही. आतून ती स्वतः पाठ लावून उभी होती.

हे रविवारचं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती अनिकाच्या ऑफिसात आली. ही चौथी वेळ.

ऑफिस म्हणजे अमेरिकेतल्या कॅरी गावात एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. दारावर नाव नव्हतं, फक्त नंबर. घरात मार खाणाऱ्या देशी बायकांसाठी चालवलेली ती छोटी संस्था होती. वकीलबाई आठवड्यातून दोनदा यायची, बाकीचं सगळं अनिका बघायची. अनिका सव्वीस वर्षांची, जन्म इथलाच, मराठी आजीकडून शिकलेली.

सुजाताला खरं तर इंग्रजीची अडचण नव्हती. औषधाच्या कंपनीत गोळ्या किती महिने टिकतात ते ती तपासायची आणि रोज इंग्रजीत अहवाल लिहायची. पण पहिल्या दिवशी इथे इंग्रजीत बोलायला गेली, तर तोंडातून अहवालच बाहेर पडला. घटना घडली, इजा झाली, दार उघडलं गेलं. कुणी केलं ते वाक्यात येईचना. मग अनिका म्हणाली, "ताई, मराठीत बोला. मी लिहीन इंग्लिशमध्ये."

तेव्हा सुजाता म्हणाली होती, "ते रागावतात."

"ते म्हणजे किती जण?"

"एकच. प्रफुल्ल."

"मग ते का?"

"नवऱ्याला बाहेरच्यांसमोर तसं म्हणतात."

"आणि घरी?"

"घरी प्रफुल्ल."

"माझी मम्मी डॅडला 'अरे, बहिरा आहेस का' म्हणते," अनिका म्हणाली आणि कागदावरचं इंग्रजी 'दे' खोडून तिनं 'ही' केलं. "नाहीतर जजला वाटेल गँग आहे."

दोघी हसल्या होत्या. हसताना सुजाताच्या डाव्या कानात दुखलं होतं.

कागद म्हणजे कोर्टाकडे संरक्षण मागण्याचा अर्ज. तो मंजूर झाला की प्रफुल्लला तिच्याजवळ येता येणार नव्हतं. अर्ज पहिल्याच भेटीत लिहून झाला होता. तीन आठवडे तो सहीवाचून अनिकाच्या फाइलमध्ये पडून होता. आता मात्र शनिवारी घरापुढे ट्रक येणार होता. प्रफुल्लला दूर टेक्सासमध्ये, प्लेनोला नवी नोकरी लागली होती. तिथे त्यानं चार बेडरूमचं घर भाड्यानं घेतलं आणि मग सुजाताला सांगितलं. तिच्या राजीनाम्याचा मेल त्यानंच लिहून तिच्या ड्राफ्टमध्ये ठेवला होता. आज-उद्या तो पाठवायचा आणि शनिवारी गाडीत बसायचं. तिथे तिचं ओळखीचं कुणी नव्हतं.

अनिकानं फाइल उघडली. तिसऱ्या परिच्छेदावर वकीलबाईंनी पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर दोनच शब्द होते, 'अँड देन?'

"ताई, तिला हे क्लिअर नाहीये," अनिका म्हणाली आणि तिनं वाक्य वाचून दाखवलं. "ऑन टू ऑकेजन्स, ही रेझ्ड हिज हँड. ती म्हणते, जज विचारेल, हात वर केला, मग पुढे काय? म्हणजे त्यानं थ्रेट दिली, असं आहे का?"

सुजातानं ते वाक्य पहिल्याच दिवशी वाचलं होतं. ती म्हणाली होती, त्यांनी दोनदा हात उचलला. अनिकानं शब्दाला शब्द ठेवला होता. इंग्रजीत त्याचा अर्थ, हात वर केला, एवढाच. वर्गात उत्तर येणारी मुलगी करते तसा. चूक तिला तेव्हाच दिसली होती आणि तिनं ती सांगितली नव्हती. त्या वाक्यात प्रफुल्लचा हात हवेतच थांबलेला होता. तीन आठवडे तो तिथेच थांबलेला तिला बरा वाटला होता.

"असू दे तसंच," ती म्हणाली.

"पण ताई, शी नीड्स टू नो."

तेवढ्यात फोन थरथरला. लहूकाका. ते नागपूरचे, इथे तीस वर्षांपासून. बुद्धजयंती असो की भीमजयंती, हॉल तेच बुक करत. उचलला नाही तर ते पुन्हा पुन्हा करत राहिले असते. अनिका उठायला लागली, तशी सुजातानं तिला हातानं बसवलं. डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं आणि उजव्या हाताची बोटं सुजली होती. तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"जय भीम, काका."

"जय भीम, बेटा. कामावर आहेस ना? दोनच मिनिटं. प्रफुल्लचा फोन आला होता. रडत होता पोरगा."

सुजातानं फोनचा आवाज थोडा वाढवला.

"म्हणे रविवारी जरा जास्त झालं. हात उचलला म्हणे. मी चांगला झापला त्याला. म्हटलं, जयंतीला स्टेजवर उभा राहून बायकांच्या हक्कांवर बोलतोस, लाज नाही वाटत?"

त्या भाषणाच्या स्लाइड सुजातानं केल्या होत्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी, अठ्ठावीस पॉइंटची घेतली होती.

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणणार? चुकलं म्हणाला. नवी जागा, नवी नोकरी, टेन्शन असते माणसाला. एकदा प्लेनोला गेले की सगळं शांत होईल. मी येऊन जाईन ना तिकडे. आणि बेटा, रागाच्या भरात पोलीस-बिलीस करू नको. आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच आहेत. म्हणतील, पाहा, यांच्यात असंच असतं. किती मेहनतीनं उभं केलं आपण हे इथे."

हे सगळं तिला पाठ होतं. याच शब्दांत तिनं स्वतःला तीन आठवडे थांबवून धरलं होतं. आई-वडिलांनी वस्तीतल्या एका खोलीत तिला शिकवलं, एम.एस्सी. केलं. त्या वस्तीचं नाव घेऊन कुणी काही बोलायला आपण कारण व्हायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. लोक खरंच टपलेले होते.

पण काकांच्या बोलण्यातला दुसराच शब्द तिच्या मनातून जाईना. हात उचलला. प्रफुल्लनंही तोच शब्द वापरला होता. तो शब्द त्याला पुरत होता, काकांना पुरत होता.

"काका," ती म्हणाली, "हात उचलला म्हणजे काय केलं, ते विचारलंत त्याला?"

पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज आला.

"आता ते काय विचारायचं, बेटा? नवरा-बायकोतलं."

"बरं. ठेवते, काका."

तिनं फोन पालथा ठेवला आणि अनिकाकडे पेन मागितलं.

लॅबमध्ये चुकीची नोंद पुसायची नसते. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख आणि चुकीचं कारण. अकरा वर्षं सुजाता हे करत आली होती. तिनं 'रेझ्ड हिज हँड' या शब्दांवर एक रेघ मारली आणि समासात इंग्रजीत लिहायला लागली. प्रत्येक वाक्याची सुरुवात तिनं 'ही'नं केली. फेब्रुवारीत त्यानं डाव्या कानावर मूठ मारली. मार्चमध्ये त्यानं केस धरून कपाळ फ्रिजच्या दारावर आपटलं. खाली तिसरी, नवी नोंद: रविवारी त्यानं बाथरूमचं दार तोडलं आणि दारात तिची बोटं धरून उलटी वाकवली.

अनिका उलट्या बाजूनं वाचत होती. "ओ गॉड," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं उचलला म्हणजे लिफ्टेड. ताई, सॉरी. माझी मिस्टेक."

"तू बरोबरच केलंस. शब्दच तसा आहे. आमच्याकडे तो झाकायलाच वापरतात."

खाली एक चौकोन होता. लैंगिक अत्याचार झाला आहे का? पहिल्या भेटीत इथे ती एवढंच म्हणाली होती, "नको म्हटलं तरी..." आणि वाक्य तिथेच सुटलं होतं. अनिकानं तेव्हा काही विचारलं नव्हतं, आजही नाही. सुजातानं चौकोनात खूण केली. शेजारी एक तारीख लिहिली. थोडं थांबून आणखी एक. मग सहीसाठी सोडलेल्या ओळीपाशी पेन थांबलं.

"यू डोन्ट हॅव टू डिसाइड टुडे," अनिका म्हणाली.

"दाखल केला तर पुढे काय होतं, ते पुन्हा सांग."

"आज दुपारीच जजसमोर जायचं. जजनं हो म्हटलं तर डेप्युटी, म्हणजे शेरीफचा पोलीस, घरी जाऊन त्याला पेपर्स देईल. मग दहा दिवसांत पुन्हा कोर्ट. तेव्हा तो पण असेल. त्याच रूममध्ये."

"आणि आज झोपायचं कुठे?"

"दोन रात्री मोटेल, आम्ही बघतो. नंतर शेल्टर. जागा असेल तर."

"माझं वर्क परमिट त्याच्या व्हिसावर आहे."

"हो. अशा केसमध्ये वेगळं मागता येतं. वकील म्हणते, ट्राय करू. मंथ्स लागतात."

"नाही मिळालं तर?"

अनिकानं उगाच धीर दिला नाही, याबद्दल सुजाताला ती आवडली. भिंतीपलीकडे दंतवैद्याचं यंत्र सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

फोन टेबलावर दोनदा सरकला. तिनं तो सुलटा केला. प्रफुल्लचा मेसेज होता. 'येताना पॅकिंग टेप आण. सहा रोल. आणि राजीनामा पाठवलास का?' खाली हात जोडलेलं चिन्ह. काकांनीच सांगितलं असेल, गोडीनं घे म्हणून.

एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोनला तिला लॅबमध्ये परत पोहोचायचं होतं. चोवीसाव्या महिन्याचे नमुने बाहेर काढायचे होते, आणि आज ते दुसऱ्या कुणाला तरी काढावे लागणार होते. तिनं सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. सुजलेल्या बोटांमुळे शेवटचा काना अर्धाच राहिला.

अनिकानं कागद हातात घेतला, पण कॉम्प्युटरकडे वळली नाही. "ताई, मला तुमच्या तोंडून ऐकावं लागतं. रूल आहे. सही पुरत नाही."

सुजातानं पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"मी प्लेनोला जाणार नाही," ती म्हणाली. "प्रफुल्लच्या विरुद्ध अर्ज दाखल कर. आजच."