मेलेली टाकी

गावाच्या सांडपाण्याची टाकी ज्या बाई सांभाळायच्या त्यांना सगळे टाकीकाकू म्हणत, आणि काकूंना ते आवडायचं, निदान मुलाचं लग्न ठरेपर्यंत तरी. टाकीतले जंतू गावाची घाण खातात आणि पाणी साफ करतात, तेव्हा मोरीत ब्लीचिंग पावडर टाकाल तर खबरदार, असा त्यांचा दंडक होता. जंतूंची बाजू त्या पोटच्या पोरांसारखी घ्यायच्या. लाँड्रीवालीवर तर विशेष डोळा. मागे एकदा भर रस्त्यात त्यांनी तिला असं फैलावर घेतलं होतं की आलेली गिऱ्हाइकं कपडे न टाकताच परत गेली.

मग मुलाच्या सासरची माणसं घर बघायला येणार असं ठरलं. काकूंचं घर टाकीला लागूनच. आदल्या दिवशी भर उकाड्यात मुलाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. काकूंनी ते पाहिलं. वास तसा फारसा नव्हताच, ओल्या मातीसारखा. पण ज्या वासात त्या इतकी वर्षं सुखाने जेवल्या-झोपल्या, त्याचीच त्यांना एकाएकी लाज वाटली. कोठीत पिण्याच्या पाण्यासाठी आणलेला पावडरीचा डबा होता. दुपारी गाव सामसूम असताना त्यांनी तो टाकीत उपडा केला. काय होणार हे त्यांना ठाऊक होतं, पण पाहुणे जाईपर्यंत तरी टाकी तग धरेल असा हिशेब होता.

पाहुणे आले, चहा प्याले. "किती स्वच्छ आहे हो तुमच्याकडे," विहीणबाई म्हणाल्या. घरभर दवाखान्यासारखा वास सुटला होता आणि काकूंना तो भलताच गोड वाटत होता.

पाहुणे गेले आणि टाकी मेली. तपकिरी गाळ काळा पडला, वर फेस धरला आणि अशी दुर्गंधी सुटली की गावात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. घाण पाणी ओढ्याला लागलं. लोक नाकाला रुमाल लावून टाकीवर जमले. काकूंना कुणी काही विचारलं नाही. टाकी कशाने मरते आणि संशय कुणावर घ्यायचा, हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

"लाँड्रीवाली," दूधवाला म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

"बंदच करा ती लाँड्री," मागून कुणीतरी म्हणालं.

खरं सांगितलं आणि ते मुलाच्या सासरी कळलं तर, असं काकूंच्या मनात आलं. शेजारच्या गावच्या टाकीतला जिवंत गाळ त्यांनी टँकरने मागवला होता. दुधाला विरजण लावावं तसा तो मेलेल्या टाकीत घालायचा असतो. टँकरचा पाइप हातात धरून त्या तो उगाचच सरळ करत राहिल्या.

तेवढ्यात लाँड्रीवालीच आली. पाण्याने हात सुरकुतलेले, तशीच काम टाकून. ती काकूंपुढे येऊन उभी राहिली.

"काकू, माझं चुकलं," ती म्हणाली. "वसतिगृहाच्या चादरी होत्या, डाग निघेना. एक चमचा पावडर टाकली मी. एकच, पण तुम्ही बजावलं होतं तरी टाकली. म्हणत असाल तर बंद करते लाँड्री."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला भर रस्त्यात वाट्टेल ते बोलल्या, ती भर लोकांत माफी मागत होती. दूधवाला तर 'म्हटलं नव्हतं?' असा चेहरा करून उभा. आता नुसतं गप्प बसायचं होतं. ते इतकं सोपं होतं की काकूंना स्वतःची किळस आली.

"तुझा चमचा पचवला असता गं त्या जंतूंनी," काकू म्हणाल्या. "डबा मी ओतला. अख्खा."

मुलगाही गर्दीत होता, नाकाला रुमाल लावून. काकूंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही?" लाँड्रीवाली म्हणाली. "का पण?"

"पाहुणे यायचे होते. वास येऊ नये म्हणून."

"टाकीचा?"

"माझा," काकू म्हणाल्या.

लाँड्रीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिने माफ केलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मुलाने नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला. वास होता तसाच होता. मग पुढे येऊन त्याने पाइपचं दुसरं टोक धरलं.